एली मॅनिंगवर वाद घालायचा असेल तर

एली मॅनिंग, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या (एनएफएल) न्यू यॉर्क जायंट्सचा निवृत्त क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू), हॉल ऑफ फेममध्ये जावा की नाही, यावरून आमच्याकडे गणपतीत भांडण होतं, थँक्सगिव्हिंगला होतं आणि मध्ये कुणाचं बारसं असलं तर तिथेही होतं. मी एडिसनला राहते आणि जायंट्सची आहे. धाकटे दीर चेरी हिलला राहतात, म्हणजे नदी ओलांडली की फिलाडेल्फिया, त्यामुळे ते ईगल्सचे. पुतण्या इथेच जन्मला. त्याला कुठलीच टीम नाही, त्याच्याकडे फक्त फोन आणि फोनमध्ये आकडे. माझा पोटापाण्याचा धंदा ऑडिटचा. समोरच्याने मांडलेला आकडा खोटा नसतो, पण कुठून उचललाय आणि कुठला मुद्दाम ठेवून दिलाय, ते बघायची सवयच लागते. ती सवय इथे फार उपयोगी पडते.

हे लिहितेय ते नव्याने फुटबॉल बघायला लागलेल्यांसाठी. नुसते ‘दोन सुपर बोल, विषय संपला’ (सुपर बोल म्हणजे मोसमाचा अंतिम सामना) एवढ्या भांडवलावर वादात उतरतात आणि पहिल्या पाच मिनिटांत गार होतात, अशांसाठी. एली हा वादाच्या सरावाला उत्तम माणूस आहे. पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीवर वाद होतच नाही. एलीवर दोन्ही बाजूंना खरोखर काहीतरी बोलण्यासारखं आहे.

आधी प्रश्न कुठला ते ठरवा

‘एली महान होता का’ हा एक प्रश्न. ‘एली त्याच्या काळातल्या पहिल्या पाचात होता का’ हा दुसरा. ‘हॉल ऑफ फेमवाले त्याला घेतील का’ हा तिसरा, आणि ‘घ्यावं का’ हा चौथा. आमच्याकडची निम्मी भांडणं अशी असतात, की भाऊजी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत असतात आणि मी चौथ्याचं. पहिल्या पाचात तो बहुतेक वर्षं नव्हता, हे मी एका वाक्यात मान्य करून टाकते. त्याला चार वेळा प्रो बोलची (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याची) निवड मिळाली, ऑल-प्रो (वर्षाच्या सर्वोत्तम संघात जागा) एकदाही नाही. हे मान्य केलं की समोरच्याची अर्धी तयारी वाया जाते.

मग हॉलचे नियम माहीत करून घ्या, कारण ते नव्वद टक्के लोकांना माहीत नसतात. ओहायोतल्या कॅंटनला 1963 पासून हे संग्रहालय आहे. खेळाडू निवृत्त होऊन पाच मोसम गेले पाहिजेत. निवड करणारे सुमारे 50 जण, त्यात बहुतेक पत्रकार. अंतिम यादीत अलीकडच्या काळातले 15 खेळाडू, त्यातून 10, त्यातून 7. त्या सातांतून मत देणाऱ्या प्रत्येकाने पाचच नावं निवडायची आणि 80 टक्के मतं पडली तरच खेळाडू आत. 2025 मध्ये हे गाळप इतकं कडक झालं की सगळे मिळून चौघेच आत गेले: जॅरेड अ‍ॅलन, एरिक अ‍ॅलन, अँटोनिओ गेट्स आणि ज्येष्ठांच्या कोट्यातून स्टर्लिंग शार्प. एलीचं नाव त्याच वर्षी पहिल्यांदा आलं, अंतिम 15 पर्यंत पोचलं आणि तिथून परत आलं. तेव्हा ‘त्याला नाकारलं म्हणजे तो लायक नाही’ असं कुणी म्हणालं तर हे गणित समोर ठेवा.

आणखी एक नियम. मैदानातली कामगिरीच बघायची, बाकी काही नाही. म्हणून 2016 चा वॉल्टर पेटन पुरस्कार, जो समाजकार्यासाठी असतो आणि एलीला लॅरी फिट्झजेराल्डबरोबर मिळाला, तो वादात आणू नका. मोह होतो, मला माहितेय. माणूस सज्जन आहे. पण मग समोरचा 2004 चा ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची टीमांमध्ये वाटणी) काढतो, सॅन डिएगोला खेळणार नाही म्हणून मॅनिंग कुटुंबाने कसा हट्ट धरला ते सांगतो, आणि अर्धा तास त्यात जातो. दोन्ही बाहेर ठेवा. वडील आर्ची आणि भाऊ पेटन यांनाही बाहेरच ठेवा. पेटन 2021 मध्ये आत गेला, त्याचा धाकट्याशी काही संबंध नाही. ‘आडनाव मॅनिंग नसतं तर’ हे वाक्य आलं की मी सरळ चहा टाकायला उठते.

एक फूटपट्टी, चार नावं

माझी खरी युक्ती ही. कुठलाही मुद्दा तोंडातून काढण्याआधी तो चार क्वार्टरबॅकना लावून बघायचा: जो नॅमथ, जिम प्लंकेट, डॅन मरिनो, फिलिप रिव्हर्स. नॅमथ आणि मरिनो आत आहेत. प्लंकेट बाहेर आहे. रिव्हर्सवर एलीइतकाच वाद आहे, आणि 2004 मध्ये ज्याच्या बदल्यात एली न्यू यॉर्कला आला तो हाच. तुमचा मुद्दा या चौघांपैकी कुणाला भलत्याच जागी नेऊन बसवत असेल तर तो मुद्दा कच्चा.

उदाहरण घ्या. भाऊजींचं आवडतं वाक्य: “वहिनी, 117 जिंकले, 117 हरले. बरोबरीत सुटलेला माणूस, त्याचा पुतळा कशाला?”

आकडा खरा आहे. नेहमीच्या मोसमात एलीचा हिशेब 117-117 असाच आहे. आता लावा नॅमथला: 62 विजय, 63 पराभव, 4 बरोबरी. तो 1985 पासून आत आहे. म्हणजे निम्मेनिम हा अडथळा नाही. यावर भाऊजी म्हणतात, “नॅमथने जेट्सना सुपर बोल जिंकून दिला, तोही आधी जाहीर करून.” मी म्हणते, एलीने दोन दिले, आणि तोंड न उघडता. मग भाऊजी बॉम्ब टाकतात: “प्लंकेटनेही दोनच दिले. 72-72. तो कुठाय?”

इथे बहुतेक जायंट्सवाले गप्प होतात. प्लंकेट हा एलीच्या बाजूचा सगळ्यात अवघड माणूस आहे. रेडर्सकडून दोन सुपर बोल, एकात एमव्हीपी (सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू), विजय-पराभव समसमान, आणि एलीचं नाव मतदानाला येईपर्यंत दोन सुपर बोल जिंकूनही बाहेर राहिलेला पात्र क्वार्टरबॅक तो एकटाच. त्याला टाळू नका. तुम्हीच आधी त्याचं नाव घ्या. मग फरक सांगा. प्लंकेटचे टचडाउन (पासवर थेट गुण) 164, इंटरसेप्शन (समोरच्यांनी मध्येच झेललेले पास) 198, प्रो बोल एकही नाही. एलीचे टचडाउन 366, इंटरसेप्शन 244, आणि 57,023 यार्ड. निवृत्त झाला तेव्हा यार्डांत आणि टचडाउनमध्ये दोन्हीत तो इतिहासात सातवा होता. एमव्हीपी दोनदा, तोही दोन्ही सुपर बोलमध्ये. आणि एवढं करूनही कुणी ‘मग प्लंकेटला पण घ्या’ म्हणालं, तर मी म्हणते घ्या, माझी काही हरकत नाही.

117-117 वर अजून एक काम करायचं असतं, ते म्हणजे आकडा उघडून बघायचं. 2016 च्या अखेरीस तो 108-91 होता. पुढच्या तीन वर्षांत 9-26. ती तीन वर्षं जायंट्सच्या आयुष्यातली भीषण वर्षं होती. 2017 मध्ये सलग 210 सामने सुरुवातीपासून खेळलेल्या माणसाला प्रशिक्षक बेन मॅकाडूने बाकावर बसवलं आणि पाठोपाठ मॅकाडूलाच घरी जावं लागलं. एलीचा 117वा विजय मायामीविरुद्ध, 15 डिसेंबर 2019 ला आपल्या मैदानावर. तो हरला असता तर आज भाऊजी ‘पन्नास टक्क्यांच्या खाली’ असं म्हणत असते, आणि त्यात एलीमध्ये तसूभरही फरक पडला नसता.

पण सावध राहा. ‘विजय-पराभव हा टीमचा असतो, क्वार्टरबॅकचा नाही’ असं म्हणून 117 पराभव झटकलेत, तर दोन सुपर बोलही त्याच वाक्यासोबत जातात. पुतण्या नेमका इथे टपून बसलेला असतो. “काकू, एकतर दोन्ही धर, नाहीतर दोन्ही सोड.” बरोबर बोलतो. म्हणून मी सुपर बोल ‘जिंकले’ हा मुद्दा करतच नाही. त्या सामन्यांत त्याने स्वतः काय केलं, तेवढाच करते. त्याकडे येतेच.

इंटरसेप्शनचं काय करायचं

लपवायचं नाही. एलीने तीन मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक इंटरसेप्शन दिली: 2007 मध्ये 20 (त्यात कार्सन पामरही बरोबरीला), 2010 मध्ये 25, 2013 मध्ये 27. नोव्हेंबर 2007 मध्ये मिनेसोटाविरुद्ध एका दुपारी चार दिली, त्यातली तीन समोरच्यांनी परत आणून थेट टचडाउन केली. घरच्या मैदानावर 41-17. हे त्याच वर्षाचं, ज्या वर्षी अडीच महिन्यांनी तो सुपर बोलचा एमव्हीपी झाला. त्याचं आयुष्यभराचं पासर रेटिंग (पास फेकण्याचा एकत्रित गुणांक) 84.1. रिव्हर्सचं त्याहून पुष्कळ वर, पंच्याण्णवच्या घरात.

रेटिंगवर बोलताना लोक एक घोळ हमखास घालतात, तो म्हणजे वेगवेगळ्या काळातली रेटिंग शेजारी ठेवतात. नॅमथचं 65.5, म्हणून एली त्याच्यापेक्षा चांगला, असं म्हणू नका. 1978 मध्ये नियम बदलले, पाच यार्डांपलीकडे पास झेलणाऱ्याला धक्का मारायला बंदी आली, अडवणाऱ्यांना हात वापरायला मोकळीक मिळाली, आणि पास फेकणं सोपं झालं. 1975 च्या विश्वचषकात गावसकरांनी लॉर्ड्सवर 60 षटकं खेळून 174 चेंडूंत नाबाद 36 केल्या होत्या. तेवढा एक आकडा आजच्या पोराला दाखवला तर तो म्हणेल, या माणसाला फलंदाजी येत नव्हती. आकडा खराच आहे, पण तेवढ्याने गावसकर कळत नाहीत. तसंच हे. एलीचं 84.1 त्याच्याच काळातल्यांशी ताडून बघायचं, आणि तसं बघितलं तर ते मध्यम आहे. ‘मध्यम आहे’ असं सांगून टाका. त्याने वाद हरत नाही.

जिथे वाद जिंकता येतो

आता वही काढा. प्लेऑफमध्ये, म्हणजे नेहमीच्या मोसमानंतरच्या बाद सामन्यांत, एली 8-4. यात गंमत अशी की ते आठही विजय दोनच मोसमांतले, 2007 आणि 2011. बाकी चार वेळा तो प्लेऑफला गेला आणि चारही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर. 2011 नंतरच्या आठ मोसमांत जायंट्स फक्त एकदा प्लेऑफला गेले. विरोधकांचा हा सर्वात दणकट मुद्दा आहे, 117-117 पेक्षा कितीतरी दणकट, आणि आश्चर्य म्हणजे तो फारसा कुणी वापरत नाही. भाऊजींना मी तो अजून सांगितलेला नाही. हे वाचून कळेल.

त्या चार पराभवांत एलीचे टचडाउन 3, इंटरसेप्शन 7. त्या आठ विजयांत टचडाउन 15, इंटरसेप्शन 2. हे दोन्ही आकडे एकत्र सांगा. लोक एकच सांगतात आणि मग दुसरा समोरच्याच्या तोंडून ऐकतात. दोन्ही तुम्हीच मांडलेत की पुढचा प्रश्न तुम्हाला हवा तसा विचारता येतो: आठ सामने सलग-सलग असे खेळणारा माणूस किती वेळा दिसतो, आणि समोर कोण होतं?

समोर कोण होतं हे तपशिलात सांगा. नुसतं ‘पेट्रियट्सना दोनदा हरवलं’ म्हणू नका, ते सगळ्यांना पाठ आहे. एक ड्राइव्ह (चेंडू हातात असतानाच्या सलग चाली) निवडा आणि ती चाल-चाल सांगा. 42वा सुपर बोल, अ‍ॅरिझोनातलं ग्लेनडेल, 3 फेब्रुवारी 2008. पेट्रियट्स त्या मोसमात 18-0. जायंट्स 14-10 ने मागे, चेंडू स्वतःच्या 17 यार्डांवर, पावणेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. अर्ध्या वाटेत एलीचा एक पास पेट्रियट्सच्या असांते सॅम्युएलच्या बोटांना लागून सुटतो. तो धरला असता तर सामना तिथेच संपला असता. पुढची चाल, तिसरा डाउन आणि पाच यार्ड (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसरी, पाच यार्ड अजून हवे), सव्वा मिनिट बाकी. जर्व्हिस ग्रीन आणि रिचर्ड सीमोर दोघांनी एलीची जर्सी मुठीत धरलेली. तो त्यातून निसटतो, मागे पळतो, आणि उंच फेकतो. जायंट्सचा डेव्हिड टायरी उडी मारून चेंडू स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरतो, रॉडनी हॅरिसन त्याच्या अंगावर लोंबकळत असताना. 32 यार्ड.

इथे भाऊजी म्हणतात, “नशीब!” हो, नशीब आहेच त्यात. सॅम्युएलच्या हातून सुटणं हे तर निव्वळ नशीब. पण टायरीच्या झेलाने गुण मिळाले नाहीत, हे विसरलं जातं. त्यानंतर एली एकदा पकडला गेला, एक पास फुकट गेला आणि पुन्हा तिसरा डाउन आला, यावेळी अकरा यार्ड. तिथे त्याने स्टीव्ह स्मिथला 12 यार्डांचा पास दिला. ती चाल कुणाच्या लक्षात नसते. मी दर वेळी तीच सांगते. नंतर प्लॅक्सिको बरेसला 13 यार्ड, टचडाउन, 35 सेकंद बाकी.

आणि डिफेन्सचं श्रेय द्या. 589 गुण करणाऱ्या पेट्रियट्सना 14 वर रोखलं ते एलीने नाही. ब्रेडीला पाच वेळा पाडलं तेही त्याने नाही. त्याच पेट्रियट्सकडून दोन आठवडे आधी रिव्हर्स गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळून हरला होता, हेही मी सांगते. त्याचं कौतुक केल्याने माझ्या माणसाचं काही कमी होत नाही.

नशिबाचा मुद्दा फारच चिकटला तर टायरी सोडा आणि जानेवारी 2012 मध्ये या. सॅन फ्रान्सिस्को, पाऊस, चिखल, सुपर बोलच्या आधीचा सामना. एलीने 58 पास फेकले, सहा वेळा आडवा झाला, प्रत्येक वेळी चिखलाने माखून उठला, 316 यार्ड काढले आणि एकही इंटरसेप्शन दिली नाही. 20-17, जादा वेळेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या काइल विल्यम्सच्या हातून दोन पंट (पायाने मारलेले चेंडू) गेले नसते तर जायंट्स कदाचित हरले असते. मान्य. पण मी इथे विजय मोजतच नाहीये, 58 पास मोजतेय. त्यानंतर इंडियानापोलिसला 46वा सुपर बोल, स्वतःच्या 12 यार्डांवरून शेवटची ड्राइव्ह, पहिलीच चाल डाव्या काठावर मारिओ मॅनिंगहॅमला 38 यार्ड. दोन बचावपटू आणि सीमारेषा यांच्यामध्ये चेंडूला जेमतेम जागा होती. त्या पासला नशीब म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

हे मुद्दे मात्र वापरू नका

‘एलीशिवाय एनएफएलचा इतिहास सांगता येत नाही.’ टाळ्या मिळतात, पण मग टायरीशिवाय तरी कुठे सांगता येतो? टायरीने त्या अख्ख्या नेहमीच्या मोसमात चार पास झेलले होते. त्याला कोणी कॅंटनला नेत नाही, न्यावंही नाही.

‘अंगठ्या (सुपर बोल जिंकल्यावर मिळतात त्या) मोजा.’ मोजल्या तर मरिनोकडे एकही नाही, आणि त्याला पहिल्याच वर्षी घेतलं. मरिनोला बाहेर काढायची तुमची तयारी आहे का? माझी नाही.

‘सुपर बोल एमव्हीपी दोनदा मिळवणारे सगळे आत आहेत.’ हा थोडा बरा आहे. स्टार, ब्रॅडशॉ, माँटॅना आत आहेत, ब्रेडीचं ठरलेलंच, माहोम्स अजून खेळतोय, उरला एली. पण यादी इतकी छोटी आहे की तिच्यावर नियम उभा राहत नाही. तोंडी लावण्यापुरता वापरा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एली आत जावा, पण पहिल्याच फेरीत घ्यायला हवा होता असं म्हणणाऱ्या जायंट्सवाल्यांशीही मी तितकीच भांडते. दहा-बारा मध्यम वर्षं खेळलेल्या माणसाने रांगेत उभं राहावं, त्यात अपमान नाही. त्या आठ सामन्यांसाठी त्याला घ्यावं, आणि उरलेल्या वर्षांसाठी थोडं थांबवावं.

वादाची वेळही बघा. ईगल्स नुकतेच हरले असतील तर भाऊजींसमोर विषय काढू नये, ते मग एलीवर नाही, जायंट्सवर घसरतात. जेवणाआधी काढला तर पुरणपोळी गार होते आणि सासूबाई दोघांनाही झापतात. ताटं उचलल्यावर, पोरं खाली बेसमेंटमध्ये गेल्यावर, ही वेळ उत्तम. पुतण्याला मात्र फोन घेऊ द्यावा. तो आकडा शोधेपर्यंत आपल्याला विचार करायला वेळ मिळतो.

पुढची तयारीही आत्ताच करून ठेवा, कारण स्टीलर्सचा क्वार्टरबॅक बेन रोथलिसबर्गर 2027 मध्ये पात्र होतोय. एलीच्याच ड्राफ्टमधला, अकरावा, त्यालाही दोन सुपर बोल, पण विजय 165 आणि रेटिंग 93.5. स्टीलर्सवाले त्याला एलीच्या डोक्यावर बसवायला बघतील आणि नेहमीच्या मोसमापुरतं त्यांचं बरोबरच आहे. तुमच्याकडे त्यांच्यासाठी 40वा सुपर बोल आहे: 21 पैकी 9 पास, 123 यार्ड, दोन इंटरसेप्शन, रेटिंग 22.6, आणि तरी विजय. हा पत्ता लगेच टाकू नका. टाकलात तर ते 43वा काढतील: कार्डिनल्सविरुद्ध 78 यार्डांची शेवटची ड्राइव्ह, कोपऱ्यात तीन माणसांच्या हातांवरून सँटोनिओ होम्सला दिलेला पास. घड्याळात तिथेही 35 सेकंदच बाकी होते.